फॉरवर्डर की दलाल? बिल कोणाच्या नावाने निघणार ते आधी विचारा

सांगलीहून दोन टन हळकुंडं पहिल्यांदाच दुबईला पाठवायची आहेत, एक जण स्वतःला फ्रेट ब्रोकर म्हणवतो, दुसरा फॉरवर्डर, तर धरायचं कोणाला, असं तुम्ही विचारलंय. मी न्हावाशेव्याला चौदा वर्षं फॉरवर्डिंगचंच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मार्केट यार्डातलंच बघा. नुसता दलाल दोघांची गाठ घालून देतो, दलाली घेतो आणि बाजूला होतो. अडत्या स्वतःच्या नावाने पट्टी करतो, म्हणून पैशाला तो बांधलेला. ब्रोकर पहिल्या जातीचा. कळंबोलीला ट्रक मिळवून देणारे बरेचसे असेच: फोनवर भाडं ठरतं, गाडीवाल्याला ॲडव्हान्स जातो, माल भिजला तर बिल्टीवर ज्याचं नाव त्याला गाठायचं.

फॉरवर्डरचं काम मोठं. बोटीत जागा धरणं, कस्टम्स ब्रोकरकडून (सीमाशुल्काचे कागद करणारा एजंट, आम्ही अजून सीएचए म्हणतो) शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्काचा अर्ज, भरून घेणं, माल वेळेत सीएफएसला (बंदराजवळचं कंटेनर भरायचं गोदाम) पोचवणं, कागद जुळवणं. दोन टनांसाठी अख्खा कंटेनर परवडत नाही. मग तुमची पोती आठ-दहा जणांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये भरतात. बोटीची कंपनी (लाइन) असा माल एकत्र करणाऱ्याला, म्हणजे कन्सॉलिडेटरला, एक मास्टर बिल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल बोटीवर घेतल्याचा कागद) देते आणि त्याच्या पोटात प्रत्येकाचं वेगळं हाऊस बिल निघतं. हे हाऊस बिल कोणाच्या नावाने निघणार, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. फॉरवर्डर म्हणवणारे सगळेच स्वतःचं बिल काढत नाहीत. काही जण नुसती ओळख करून देतात आणि फरक खातात. जो काढतो त्याच्याकडे १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखालची एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) नोंदणी आहे का तेही विचारा. ती नौवहन महासंचालनालयात होते.

माझ्या ओळखीच्या एका निर्यातदाराची मिरची दुबईच्या जेबेल अली बंदरात अठरा दिवस अडकली होती. त्याने भाडं पूर्ण भरलं होतं. पण मधल्या माणसाने कन्सॉलिडेटरचे पैसे थकवले, आणि तिकडे डिलिव्हरी ऑर्डरच, म्हणजे माल सोडायचा कागदच, सुटेना. गोदामाचं भाडं शेवटी खरेदीदाराने भरलं. पुढची ऑर्डर त्याने दिली नाही. कष्टाने जोडलेलं गिऱ्हाईक असं गेलेलं मला अजून सलतं.

भाडं वजन आणि घनमीटर यांत जे जास्त भरेल त्यावर लागतं. हळकुंडाची पोती जागा खातात. दोन टनांनी पाच घनमीटर व्यापले, तर भाडं पाचाचं. म्हणून दर मागण्याआधी एक थप्पी रचून लांबी, रुंदी, उंची मोजून घ्या.

आणि समुद्राचं भाडं अगदी नगण्य किंवा शून्य सांगितलं, तर खूश होऊ नका. अशा वेळी वसुली बहुतेक तिकडच्या बंदरात, तुमच्या खरेदीदाराकडून होते. तिकडचे सगळे चार्जेस लेखी मागवा आणि सौदा पक्का करण्याआधी खरेदीदाराला दाखवा. दोघांची कोटेशनं आली की नावं झाकून आकडे इथे टाका, मी एकेक ओळ बघून सांगतो.