टेंडर सेटिंगशिवाय मिळतंय व्हय, मॅडम?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरचा खुर्चीत टेकायच्या आधीच मला त्याचा वास येतो. मी कोल्हापुरात समुपदेशक. इथल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीतला छोटा कारखानदार घ्या. माझ्याकडं येतो तो झोप नाही, पित्त उठतंय, घरात चिडचिड होतेय म्हणून. टेंडरचा विषय तिसऱ्या-चौथ्या बैठकीत निघतो आणि निघाला की मग थांबत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांना बापूसाहेब म्हणू, त्यांच्या मिसेसना वैनी. ओळख बदललीय, परवानगी घेतलीय. उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड, पाच कामगार, लोखंडी रॅक, कपाटं, शाळेची बाकडी. खाजगी गिऱ्हाईक उधारीवर माल नेतंय आणि पैशाला सहा-सहा महिने फिरवतंय, म्हणून कुणीतरी सांगितलं सरकारी कामं धरा. धरली. वर्षात पाच ठिकाणी भरलं, पाचही गेली. त्यानंतर हे गृहस्थ रात्री दोनला उठून गच्चीवर फेऱ्या मारायला लागले आणि दिवसा कामगारांवर खेकसायला.

बापूसाहेबांनी मात्र विषय पहिल्याच दिवशी काढला, म्हणाले, "मॅडम, ह्यो समदा सेटिंगचा खेळ हाय. आपल्यासारख्या माणसानं त्यात पडूच ने."

मी विचारलं, "पाचही ठिकाणी?"

"पाचबी."

"कारण काय दिलंय त्यांनी?"

गप्प. वैनी खाली बघायला लागल्या. मग त्याच बोलल्या, "ह्यांनी बघितलंच न्हाई. निकाल लागला की मोबाईल पालथा घालत्यात. मी उघडतो म्हटलं तर अंगावर येत्यात." (आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी उघडतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

आता इथं दुसरा एखादा समुपदेशक बापूसाहेबांच्या लहानपणात शिरला असता, वडील कसे होते, शाळेत मास्तर मारायचे का. मी तशी नाही. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची, माणसाला त्रास घटनेनं कमी आणि त्या घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो त्यानं जास्त होतो, असं मानणारी. बापूसाहेब स्वतःशी काय बोलत होते ते हळूहळू बाहेर आलं. "टेंडर गेलं म्हणजे मी बिनकामाचा." हे सहन होत नाही, मग त्याच्यावर झाकण म्हणून 'सेटिंग'. झाकण बसलं की आत बघायची गरजच उरत नाही. सेटिंग हा शब्द माणसाला वाचवतो पण आणि अडकवतो पण, हे मला याच केसमध्ये नीट दिसलं.

तीन बैठका आम्ही यावर घासाघीस केली, काही हललं नाही. चौथ्या वेळी ते बोटाला पट्टी बांधून आले, सकाळी वेल्डिंग करताना भाजलं होतं. मी सहज विचारलं, "वेल्ड तुटलं तर काय करता हो तुम्ही?"

"काय करायचं? तुटल्या जागी बघायचं. आत स्लॅग अडकलाय का, पेनिट्रेशन कमी पडलंय का, ब्लोहोल हाय का."

"म्हणजे लगेच म्हणत नाही की पत्र्यानं आणि रॉडनं आपसात सेटिंग केलंय?"

मिनिटभर माझ्याकडं बघत राहिले. मग हसले, पण असं हसले की वैनींनी दचकून त्यांच्या दंडाला धरलं. हसता हसता डोळ्यात पाणी. म्हणाले, "काढ गं मोबाईल."

हा प्रश्न मी ठरवून आणलेला नव्हता. सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असे प्रश्न मोजकेच सुचलेत, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी घरी जाताना राजारामपुरीच्या भर ट्रॅफिकमध्ये मी एकटीच खुश होते. माणूस एका कामात इतका तयार असतो की नापास झालेला जोड न घाबरता हातात घेऊन उलटापालटा करून बघतो, आणि तोच माणूस दुसऱ्या कामात नापास झाला की मोबाईल पालथा घालतो. हिंमत त्याच्यात आधीपासूनच होती, मी फक्त शेडमधली उचलून इकडं ठेवली.

त्या दिवशी टेंडरच्या पोर्टलवर एकेक निकाल उघडला. पहिल्यात टर्नओव्हरचं सर्टिफिकेट बाद, कारण त्यावर सीएचा यूडीआयएन, म्हणजे सर्टिफिकेट खरं का खोटं ते तपासायचा नंबरच नव्हता. हा नंबर २०१९ पासून सीएच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर लागतो, पण बापूसाहेबांनी जुना कुणाचा तरी नमुना देऊन लेटरहेडवर सही घेतलेली. दुसऱ्यात एवढी साधी गोष्ट की मला कपाळावर हात मारावासा वाटला. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाचं सरकारी रजिस्ट्रेशन करताना नेट कॅफेवाल्या पोरानं विचारलं "काय विकता?" आणि ह्यांनी सांगितलं "रॅक विकतो", त्यानं व्यवसायाच्या रकान्यात ट्रेडिंग टाकून दिलं. झालं, केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात सूक्ष्म-लघु उद्योगाला ईएमडी, म्हणजे टेंडर भरताना ठेवायची बयाणा रक्कम माफ असते ती माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. पाच कामगार घेऊन स्वतः पत्रा वाकवणारा माणूस कागदावर दुकानदार. तिसऱ्यात शुद्धिपत्रक निघालं होतं, २० गेजच्या पत्र्याऐवजी १८ गेज, ते ह्यांनी बघितलंच नाही. चौथ्यात तांत्रिक लिफाफा पास, पण दरात तिसरा नंबर. पाचवं तर खात्यानंच रद्द केलेलं, कुणालाच मिळालं नाही, आणि ह्या माणसानं त्याच्यासाठी आठ रात्री गच्चीवर काढल्या.

बापूसाहेब बोटं मोजत होते. "मंग सेटिंग कुठाय ह्यात?"

मी म्हटलं, "सेटिंग नसतंच असं मी म्हणत नाही. पण ह्या पाचात मला तर दिसेना."

नसतंच असं म्हणायला मी काही चंद्रावर राहत नाही. स्पेसिफिकेशन एकाच कंपनीच्या मापानं शिवलेलं असतं, हे अनुभवी माणसाला लगेच कळतं. पण त्यावरही मुदत संपायच्या आत लेखी हरकत घेता येते, बिडपूर्व बैठक असेल तर तिथं विचारता येतं. आपण काय करतो, मुदत संपल्यावर मिसळीच्या गाड्यावर हरकत घेतो.

मग पुढच्या बैठका थोड्या वेगळ्याच झाल्या, समुपदेशन कमी आणि तयारी जास्त. मी टेंडरची तज्ज्ञ नाही, पण हीच रड ऐकून ऐकून बरंच शिकलेय, ते इथं सांगते म्हणजे कुणाच्या तरी चार रात्री वाचतील. उद्यमचं सर्टिफिकेट आज काढून बघा, उत्पादन लिहिलंय का ट्रेडिंग, चुकलं असेल तर पोर्टलवर फुकट दुरुस्त होतं, त्यासाठी एजंटाला हजार-दोन हजार देऊ नका. ईएमडी साधारण कामाच्या अंदाजे किमतीच्या २ ते ५ टक्के असते, ती माफ झाली म्हणून सगळंच माफ असं समजू नका, काम मिळाल्यावर परफॉर्मन्स सिक्युरिटी, म्हणजे काम नीट करण्याची अनामत, बहुतेक वेळा लागते आणि तेवढे पैसे अडकून राहतात, ते दरात धरा. अनुभवाची आणि टर्नओव्हरची अट लघुउद्योगाला शिथिल आहे का नाही हे त्या-त्या बिडमध्ये लिहिलेलं असतं, आपोआप मिळत नाही. केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडनं करायची असा नियम आहे, त्यातले ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडनं, आणि एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दर देणारा, जर मोठी कंपनी असेल, तुमचा दर तिच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर तिच्या दराला उतरून ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो. पण हे केंद्राचं. जिल्हा परिषदेला, नगरपालिकेला हेच सगळं जसंच्या तसं लागू आहे असं धरून भांडायला जाऊ नका, तिथली कागदपत्रं वेगळी वाचावी लागतात, राज्याच्या टेंडरांचं महाटेंडर्स पोर्टलही वेगळं.

तीन टक्क्यांचं ऐकल्यावर वैनींनी नवऱ्याकडं असं बघितलं की मी विषय बदलला. तो त्यांच्या घरचा प्रश्न.

कामाची वाटणी मात्र माझ्यासमोरच झाली. बापूसाहेबांनी पत्रा, रंग, वाहतूक, लोडिंग, जीएसटी आणि पैसे उशिरा आले तर बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिटचं व्याज धरून खरा दर काढायचा, 'गिऱ्हाईक बघून' दर लावायची सवय सोडायची. वैनींनी रोज सकाळी चहा ठेवताना शुद्धिपत्रक निघालंय का बघायचं. डिजिटल सहीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायचं. आणि निकाल लागला की मोबाईल पालथा घालायचा नाही, दोघांनी मिळून कारण मोठ्यानं वाचायचं, ही माझी एकच अट.

सहावं टेंडर गेलं. दर चढा होता. रात्री साडेनऊला वैनींचा फोन आला, म्हटलं आता काय, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, वाचलं कारण. वाहतूक दोनदा धरलीती ह्यांनी. आता जेवत्यात." मला वाटतं ती माझी फी वसूल झाली. जेवतायत हे महत्त्वाचं, मागच्या वर्षी ह्याच दिवशी गच्चीवर गेले असते.

सातवं मिळालं. चाळीस रॅक, एका केंद्रीय कार्यालयाची छोटी ऑर्डर, जेम म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवरनं. माल पोचला, पेढे आले, बापूसाहेब दिवाळीच्या शर्टात येऊन गेले, आम्ही बैठका संपवल्या.

तीन आठवड्यांनी परत फोन. जेमवर माल पोचला की घेणाऱ्यानं तो तपासून स्वीकारल्याचं सर्टिफिकेट काढायचं असतं, त्याला सगळे क्रॅक म्हणतात, त्यावर पेमेंट हलतं. ते काढणारे साहेब रजेवर. मी त्यांना सांगितलं की आधी लेखी आठवण द्या, पोचपावती ठेवा, कायद्यानं ४५ दिवसांपलीकडं पैसे थांबवता येत नाहीत, थांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते.

"ते समदं खरं हाय ओ," बापूसाहेब म्हणाले, "पण तो क्रॅक निघंना म्हणून आता मीच क्रॅक व्हायची येळ आलीया."

मंगळवारी पाचला या म्हटलं. वैनींनाही आणा.