तंबोरा गवसणीतून काढलाच नाहीये

प्रश्न : ताई नमस्कार, मी सत्तावीस वर्षांची, बारा वर्षं गाणं शिकतेय. महिन्यापूर्वी गावातल्या एका मंडळाने पहिल्यांदाच तासभर गायला बोलावलं, यमन राग गायले, लोक छान म्हणाले आणि तीन दिवसांनी पेपरात आलं की तीव्र मध्यम (यमनातला चढा म) ढिला होता, विलंबित म्हणजे संथ लयीतला भाग उरकून टाकला, गाण्यात जीवच नव्हता, एवढ्यात मंचावर यायची घाई कशाला. ते कात्रण कोणीतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून तंबोरा गवसणीतच आहे, यमन तर परत गाणारच नाही असं ठरवलंय. मोठे कलाकार हे सहन कसं करतात?

उत्तर : अगं, मोठ्यांनाही ते सहन होतंच असं नाही. रशियाचा संगीतकार सर्गेई रॅचमॅनिनॉफ, त्याची पहिली सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, 1897 साली पीटर्सबर्गला वाजली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्यापेक्षा लहान. तालमी कमी पडलेल्या, वादन इतकं वाईट झालं की तो हॉलबाहेर जिन्यात जाऊन बसला आणि वर सेझार क्युई या समीक्षकाने लिहिलं की नरकात संगीताचं कॉलेज असतं तर तिथल्या मंडळींना ही सिम्फनी फार आवडली असती. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्याच्या हातून नवीन मोठं असं काही लिहूनच झालं नाही.

पण त्याने नंतर एका मित्राला पत्रात लिहिलं होतं की पेपरातल्या शिव्यांचं मला एवढं वाटत नाही, माझीच सिम्फनी पहिल्या तालमीनंतर मला आवडेनाशी झाली त्याचं दुःख आहे. हे वाचलं आणि मला वाटलं, टीका खरी कुठे लागते ते हेच, आपल्या कानाला आधीच शंका असते तिथे. तुला नेमकं कुठलं वाक्य आठवतं रात्री, मध्यमाचं ना?

मग ते तपासता येतं. मंडळाने रेकॉर्डिंग केलं असेल तर मागून घे आणि गुरूंकडे बसून तंबोरा लावून ऐक. 'जीव नव्हता' हे तपासता येत नाही, ते सोडून दे. माझ्याबद्दल एकदा छापून आलं होतं की बाईंचा आवाज तारसप्तकात चिरकतो. पंधरा दिवस रडले मी, मग गुरुजींनी गाण्याची पट्टी काळी पाचवरून काळी चारवर, म्हणजे थोडी खाली आणली आणि तो त्रास गेला. लिहिणारा कठोर होता पण बरोबर होता. कधी कधी लिहिणाऱ्याचं चुकतंही, कुमार गंधर्वांना घराण्याची चौकट मोडली म्हणून किती ऐकून घ्यावं लागलं, त्यांनी गाणं बदललं नाही.

रॅचमॅनिनॉफ सावरला कसा, तर एकट्याने नाही. मधल्या काळात मॉस्कोच्या एका ऑपेरात कंडक्टरचं काम केलं म्हणजे संगीत सुटलं नाही, आणि 1900 मध्ये डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे खचलेल्या मनावर उपचार घेतले. 1901 मध्ये दुसरा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, पूर्ण वाजला, तो त्याने डॉक्टरांनाच अर्पण केला. तेव्हा झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर तूही डॉक्टरांशी बोल, यात लाजायचं काही नाही.

एक गोष्ट मात्र त्याने केली ती तू करू नकोस गं. ती सिम्फनी त्याने हयातीत परत वाजूच दिली नाही. रशिया सोडताना स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र लिहिलेली प्रत, मागे राहिला तो हरवलाच, पुढे लेनिनग्राडला, म्हणजे त्याच पीटर्सबर्गला, वादकांच्या प्रती सापडल्या आणि 1945 ला मॉस्कोत ती पुन्हा वाजली, तो जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आज ती जगभर वाजते आणि त्याने स्वतः ती एकदाही नीट वाजलेली ऐकली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून यमन बाजूला ठेवू नकोस. त्या ग्रुपवर उत्तरबित्तर देत बसू नकोस. या आठवड्यात गवसणी काढ, अर्धा तास फक्त नि रे ग म॑ एवढंच घोळव, बंदिशीला हात लावू नकोस, आणि रेकॉर्डिंग ऐकून मध्यमाबद्दल गुरू काय म्हणाले ते मला नक्की कळव.