मॉडेल रेल्वे: जुन्या किटच्या इंजिनाला नवी मोटर, वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या काकांनी 1978 साली इंग्लंडहून येताना ग्रेट वेस्टर्न या ब्रिटिश रेल्वेच्या पॅनियर टँक इंजिनाचं (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं छोटं वाफेचं इंजिन) किट आणलं होतं, व्हाइटमेटलचं (लवकर वितळणारा मिश्रधातू), 4 मिलिमीटर स्केल, म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये 4 मिलिमीटर. चॅसी पितळेची, मोटर ट्रायँग या ब्रिटिश खेळणी कंपनीची एक्स04, वर्म (मोटरच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा गिअर) आणि 30 दातांचं गिअर, सगळं त्यांनीच बसवलं. काका आता नाहीत, इंजिन माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत मोटर पूर्ण उघडून आर्मेचर (आत फिरणारा तारा गुंडाळलेला भाग) बाहेर काढून साफ केलं, आणि तेव्हापासून इंजिन एकतर जागचं हलत नाही नाहीतर एकदम सुसाट सुटतं, तीन डबे लावले की थांबतं, आणि दहा मिनिटांत मोटरला हात लाववत नाही. नवी मोटर टाकायची आहे, इथल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आधी एक सांगतो, ती मोटर फेकू नका. तुम्ही साफ केलीत ते चांगल्या भावनेनंच, पण या जुन्या ओपन फ्रेम मोटरींचा मॅग्नेट असा असतो की आर्मेचर बाहेर काढलं आणि मधल्या जागेत लोखंडाचा तुकडा ठेवला नाही तर त्याची ताकद तिथल्या तिथे कमी होते. आणि मॅग्नेट कमजोर झाला की मोटर हळू होत नाही, उलट जास्त पळते, करंट जास्त खाते, तापते, आणि ओढायला मात्र जोर राहत नाही. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं हीच आहेत.

त्यामुळे सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे जुना मॅग्नेट काढून त्याच जाडीचे निओडिमियम मॅग्नेट एकावर एक लावून बसवणं. सगळ्यांचे पोल एकाच दिशेला हवेत, आणि दोन्ही बाजूच्या लोखंडी पट्ट्यांना ते घट्ट चिकटले पाहिजेत, मध्ये फट नको. इंजिन उलट्या दिशेला जायला लागलं तर मॅग्नेट फिरवून लावा, बस्स. काकांची मोटर तशीच राहते आणि करंटही बराच उतरतो. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्यांदा हेच केलं असतं.

पण त्याआधी, आणि नवी मोटर घेण्याआधी तर नक्कीच, मोटर बाहेर काढा आणि नुसती चॅसी काचेवर ठेवून बोटानं ढकला. चाकं सहज फिरली पाहिजेत, प्रत्येक फेरीत एकाच जागी अडकायला लागली तर कपलिंग रॉडची (चाकांना एकमेकांशी जोडणारी दांडी) भोकं आणि क्रँकपिन (ती दांडी जिच्यात अडकते ती चाकावरची खीळ) जुळत नाहीयेत. किती लोक मोटरवर मोटर बदलत बसतात आणि दोष सगळा रॉडमध्ये असतो! अडखळणाऱ्या चॅसीवर कितीही भारी मोटर बसवा, ती धक्के देतच चालणार.

आता समजा तरीही नवी मोटर हवीच आहे. तर माझं ठाम मत आहे की पैसे मोटरपेक्षा गिअरवर घाला. हिशोब बघा. पॅनियर टँकचं चाक 4 फूट साडेसात इंच, म्हणजे मॉडेलमध्ये 18.5 मिलिमीटर, एका फेरीत इंजिन साधारण 58 मिलिमीटर पुढे जातं. 12 व्होल्टवर मिनिटाला 14,000 फेऱ्यांची कॅन मोटर (धातूच्या डबीत बंद असलेली नवी मोटर) तुमच्या 30:1 गिअरवर, म्हणजे मोटरच्या 30 फेऱ्यांना चाकाची एक, लावली तर स्केलच्या हिशोबानं हे शंटिंगचं (यार्डात डबे हलवायचं) इंजिन ताशी 120 किलोमीटरच्या वर जाईल. तीच मोटर 60:1 वर लावा, साठ-बासष्ट किलोमीटर येतात, लोड आला की अजून कमी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुटताना ते इंजिन सरकतं, उडी मारत नाही. हाय लेव्हल या ब्रिटिश कंपनीचे घडी घालून जोडायचे गिअरबॉक्स 54:1, 60:1, 80:1, 108:1 असे मिळतात, ते थेट ॲक्सलवर बसतात, म्हणजे वर्म आणि गिअरमधलं अंतर तुम्हाला अंदाजानं धरावं लागत नाही. तुम्ही जुनंच गिअर ठेवणार असाल तर मध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करा आणि मग कागद ओढून काढा, तेवढी फट पुरते.

तापकीर गल्लीचं म्हणाल तर तिथं खेळण्यातली 130 साइजची मोटर ढिगानं मिळते, पण साधारणपणे ती 3 व्होल्टच्या आसपासची असते, 12 व्होल्टवर टिकणार नाही. एन20 गिअर मोटर 12 व्होल्टची मिळते खरी, पण व्हाइटमेटलचं एवढं वजन ओढायला मी ती लावणार नाही, आवाजही फार करते.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे नवी मोटर लावल्यावर लोक डोक्याला हात लावतात. एक्स04 चा एक ब्रश थेट चॅसीला जोडलेला असतो, म्हणजे एका बाजूच्या रुळाचा करंट चॅसीतूनच मोटरला जातो. कॅन मोटरचे दोन्ही टर्मिनल बॉडीपासून वेगळे असतात, म्हणून चॅसीपासून एका टर्मिनलला वेगळी वायर ओढावीच लागते, नाहीतर इंजिन मेल्यासारखं पडून राहतं. व्हाइटमेटलच्या बॉडीला साधी सोल्डरिंग गन अजिबात लावू नका, वितळेल. त्यासाठी 70 अंशाला वितळणारं सोल्डर आणि टेंपरेचर कमी करता येणारं सोल्डरिंग आयर्न वापरा, नाहीतर सरळ इपॉक्सी.

सगळं बसवल्यावर दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास रिकामं चालवा. मग बफर बोटानं अडवून पूर्ण व्होल्ट द्या, चाकं जागेवर घसरत फिरली पाहिजेत. घसरायच्या ऐवजी मोटरच थांबत असेल तर बॉडीत वजन जास्त आहे, थोडं कमी करा, कारण थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट घेते आणि तिथेच वाइंडिंग जळतं.

प्रश्न: मी लेस्टरला राहते, लेकीसाठी एक टँक इंजिनचं किट जोडतेय. दुकानदार म्हणाला कोअरलेस मोटर घे. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांचा जुना फीडबॅक कंट्रोलर (मोटरचा वेग ओळखून वीज आपोआप कमी-जास्त करणारा) आहे. चालेल का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: ताई, मोटर चांगली आहे, हळू आणि एकसारखी चालते, पण त्या कंट्रोलरवर नको. जुने फीडबॅक कंट्रोलर कमी फ्रिक्वेन्सीचे पल्स देतात, आणि कोअरलेसच्या आर्मेचरमध्ये लोखंड नसल्यामुळे त्या पल्सची उष्णता शोषली जात नाही, वाइंडिंग लवकर गरम होतं. साधा गुळगुळीत डीसी कंट्रोलर घ्या, किंवा लेकीला पुढे डीसीसी (डिजिटल कंट्रोल) हवं असेल तर हाय फ्रिक्वेन्सीचा डीकोडर (इंजिनात बसणारी, ते सिग्नल ओळखणारी चिप) आत्ताच बसवून टाका. बजेट आखडतं असेल तर साधी लोखंडी कोअरची कॅन मोटर आणि सासऱ्यांचा कंट्रोलर, हे जोडपं उत्तम जमतं.