करवंटीचा दिवा करतोय, पण ड्रिल लावलं की करवंटी तडकते. काय चुकतंय?

थेट मोठं बिट लावू नका. आधी 2 मिमीचं भोक पाडा, मग तेच 4 मिमीपर्यंत वाढवा. करवंटी टणक असली तरी ठिसूळ; जाड बिट दाबलं की ती रेषेत उकलते. मी निम्म्या करवंट्या अशाच घालवल्या. बाहेरून खरवडून शेंड्या काढा, पॉलिश पेपर मारा, आत ओलं फडकं गच्च कोंबा आणि बाहेरूनच भोकं पाडा. दोन भोकांत बोटाएवढं अंतर हवं. वायरसाठी वेगळं भोक कशाला? तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तोच मोठा करा. शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला की काळसर झळाळी येते. मात्र आत छोटा एलईडीच लावा, पणती नको. करवंटी चुलीत कशी भडकते ते पाहिलंच असेल.