चारा पावसाळ्यापर्यंत पुरणार नाही : कोणते जनावर ठेवावे, कोणते विकावे?

प्रश्न : परतीचा पाऊसही झाला नाही. दावणीला एक दुधातली संकरित गाय, एक सात महिन्यांची गाभण गाय (आटवलेली), एक कालवड, एक सारखी उलटणारी (भरवूनही गाभण न राहणारी) गाय आणि खिलार बैलजोडी आहे. गेल्या सालचा कडबा अडीच हजार पेंढ्या. सरकारी चारा छावणी उघडेपर्यंत थांबावे का? (पशुपालक, ता. माण)

उत्तर : थांबू नका. आधी दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा. पेंढी दोन किलोची निघाली तर तुमच्याकडे पाच टन कडबा आहे. 400 किलोच्या जनावराला रोज साधारण 10 किलो लागतो, सहांना 60 किलो. म्हणजे 83 दिवस. ऑक्टोबरच्या मध्यापासून धरले तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कडब्याची गंज संपते. हिरवा चारा मात्र जुलैशिवाय दिसणार नाही.

दुधाला नाही म्हणून गाभण गाय विकण्याची चूक बहुतेक जण करतात. ती दोन महिन्यांत विणार आहे. तिला आतापासून रोज दीड-दोन किलो पेंड-भरडा द्या, नाहीतर वासरू अशक्त होते आणि गाय पुढे माजावर उशिरा येते. दुधातली गाय आणि कालवडही ठेवा. तिघींना कडबा मार्चअखेरपर्यंत जातो. पुढच्या साडेतीन महिन्यांसाठी तीन टन चारा आत्ताच, भाव चढण्याआधी घ्या.

उलटणारी गाय पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. गर्भाशयाचा दोष बरा होण्यासारखा नसेल तर दिवाळीआधी विका. बैलजोडीचा निर्णय जड आहे, पण ती एकटीच जूनपर्यंत ही सगळी गंज फस्त करील. 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गिऱ्हाईक फक्त कामाचे. रब्बीची पेरणी उरकताच, अंगावर मांस असताना जोडी विका. जानेवारीनंतर सगळेच बाजारात येतात आणि हाडे दिसणाऱ्या जोडीला कोणी विचारत नाही. नेण्याआधी कानातला 12 अंकी ओळख क्रमांकाचा बिल्ला तपासा.

कडबा कुट्टी करूनच घाला. अख्ख्या पेंढीचे बुडखे गव्हाणीत पडून राहतात. उसाच्या वाढ्यावर भागवत असाल तर त्यातले ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका, विषबाधा होते.