उलानबातरहून एका दिवसाची सहल

एकच दिवस हाताशी असेल, तर खासगी गाडी ठरवा आणि सकाळी लवकर निघा. मंगोलियाच्या या राजधानीतली वाहतूक कोंडी फार वेळ खाते. आधी त्सोनजिन बोल्दोगला चंगीजखानाचा 40 मीटर उंच अश्वारूढ पुतळा पाहा. घोड्याच्या डोक्यावर उभं राहून दिसणारं ते अफाट गवताळ माळरान चुकवू नका. मग तेरेल्ज राष्ट्रीय उद्यान, तिथला कासवासारखा खडक, आर्याबल हे बौद्ध मंदिर.

पण खरा वेळ ठेवा तो पशुपालकांच्या गेरसाठी, म्हणजे त्यांच्या गोल तंबूघरासाठी. उंबऱ्यावर पाय देऊ नका. मीठ घातलेला दूधचहा उजव्या हातानं घ्या, निदान एक घोट तरी प्याच. शाकाहारी असाल तर दशम्या सोबत न्या, जेवणात मांसच जास्त. आणि जुलैतही जाड जाकीट हवंच, वारा बोचरा असतो.