वॉकीटॉकीचे कान तपासताना

प्रिय,

वॉकीटॉकीला किती क्षीण सिग्नल ऐकू येतो हे तपासायला बाकावर व्हीएचएफ सेट आणि शेजारी हातात मावणारा सिग्नल जनरेटर (ठरावीक ताकदीचा रेडिओ सिग्नल देणारं उपकरण) ठेवलास, की केबल जोडण्याआधी पीटीटीच्या, म्हणजे दाबून बोलायच्या, बटणाचा विचार कर. ५ वॉटचा सेट म्हणजे अधिक ३७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली शक्ती; दर १० डीबीला दसपट). चुकून बोट लागलं तर ही शक्ती उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि त्याचं आउटपुट जळतं. म्हणून मध्ये ३० डीबीचा, १० वॉट सोसणारा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा तुकडा, कायम ठेव. मग जनरेटरपाशी जेमतेम ५ मिलिवॉट पोहोचतात. बरेच ॲटेन्युएटर एकाच बाजूने पूर्ण वॉट झेलतात. ‘इनपुट’ लिहिलेली ती बाजू सेटकडे हवी. सिग्नल तर दुसरीकडून येतोय, असं वाटेल, तरी तसंच.

पडद्यावरची लेव्हल (सिग्नलची ताकद) जनरेटरच्या तोंडाशी असते, आपल्याला हवी ती सेटच्या अँटेना कनेक्टरपाशी. तिथे उणे ११९ डीबीएम, म्हणजे ५० ओहमवर ०.२५ मायक्रोव्होल्ट, द्यायचे तर जनरेटर उणे ८९ वर लाव. आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण ०.२ डीबी खाते. अर्ध्या मीटरचा हिशेब सोडून दे. काही उपकरणांवर मायक्रोव्होल्ट ‘ईएमएफ’मध्ये, म्हणजे काहीच न जोडता येणारे, असतात, लोड लावला की त्याचे निम्मे. या ६ डीबीच्या घोळात चांगला सेट बहिरा ठरतो.

चॅनेल २५ किलोहर्ट्झचं असेल तर जनरेटरवर १ किलोहर्ट्झ टोन आणि ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन (टोनमुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) लाव, १२.५ चं असेल तर डेव्हिएशन १.५. सेटवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा, सीटीसीएसएस (ठरावीक टोन असेल तरच आवाज सोडणारी सोय) बंद. धडधाकट हँडसेट ०.१६ ते ०.२५ मायक्रोव्होल्टच्या आसपास १२ डीबी सिनॅड (खरखर आणि विकृतीच्या तुलनेत आवाज किती वर आहे त्याचं माप) देतो. सिनॅड मीटर नसेल तर मॉड्युलेशन (सिग्नलवर चढवलेला टोन) बंद कर आणि स्पीकरवरची खरखर ऑसिलोस्कोपवर मोज. लेव्हल वाढवत ती सिग्नल नसतानाच्या एक दशांश झाली की २० डीबी क्वायटिंग, म्हणजे खरखर तेवढी दबली. स्वस्त मल्टिमीटर इथे नको, वरच्या ऑडिओ फ्रिक्वेन्सीला तो कमी दाखवतो. स्कोपची ग्राउंड क्लिप लावण्याआधी सर्किट बघ: काही सेटमध्ये स्पीकरची एकही तार ग्राउंडला नसते, आणि क्लिप लागताच ऑडिओ आयसी जातो.

छोट्या जनरेटरचं खरं दुखणं गळती. लेव्हल १० डीबीने उतरवलीस आणि खरखर वाढलीच नाही, तर सिग्नल केबलमधून नव्हे, हवेतून येतोय. खात्रीसाठी केबल काढ, जनरेटरच्या तोंडावर ५० ओहमचं टर्मिनेशन (सिग्नल जिरवणारं टोपण) घाल; तरीही सेटला ऐकू येत असेल तर तोवरचे सगळे आकडे खोड. जनरेटर दोन-तीन मीटर लांब ने, चार्जर काढून बॅटरीवर चालव, आरजी-२२३ सारखी दुहेरी जाळीची केबल वापर, एसएमए कनेक्टरचे नट घट्ट कर. सेट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला तरी बराच फरक पडतो. डब्याला भोक पाडून बल्कहेड कनेक्टर (पत्र्यात घट्ट बसणारा आरपार कनेक्टर) बसव, केबल नुसती आत सरकवू नकोस.

जनरेटर म्हणून मिळणाऱ्या एडीएफ४३५१ चिपवरच्या स्वस्त बोर्डांचं आउटपुट उणे ४ डीबीएमच्या खाली येतच नाही. त्यावरून उणे ११९ पर्यंत उतरायला बाहेरून ११५ डीबी हवेत, आणि उघड्या बोर्डाची गळती तेवढं उतरूच देत नाही. शिवाय लाट चौकोनीकडे झुकलेली, हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे नको असलेले सिग्नल) भरपूर. १४५ ची तिसरी हार्मोनिक ४३५ मेगाहर्ट्झवर पडते. ड्युअल बँड सेट यूएचएफवर ठेवून तिलाच खरा सिग्नल समजू नकोस; १४५ साठी आउटपुटला लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लाव. आणि जनरेटरला अँटेना कधीच जोडायची नाही.

कळावे.